'शॅल' कोणाचे आणि 'विल' कोणाचे

इंग्रजी भाषेला भविष्यकाळाचा स्वतःचा प्रत्यय नाही, हे प्रथम ऐकताना मराठी वाचकाला त्या भाषेची थोडी कीव येण्याचा संभव आहे. मराठीत धातूला 'ईन', 'शील', 'ईल' जोडले की काम भागते. इंग्रजांना मात्र उद्याविषयी बोलायचे झाले तर बहुधा दुसऱ्या एखाद्या क्रियापदाचा आधार घ्यावा लागतो, आणि अशा आधाराला येणाऱ्या क्रियापदाला व्याकरणात सहायक क्रियापद असे म्हणतात. या एका कामासाठी त्या भाषेने 'शॅल' आणि 'विल' असे दोन सहायक नेमले आणि मग कोणी कुठे उभे राहायचे यावर तिच्या पंडितांनी सुमारे साडेतीनशे वर्षे वाद घातला. ज्या राष्ट्राने जगाच्या मोठ्या भागाचे भवितव्य परस्पर ठरवून टाकले, त्याला स्वतःचा भविष्यकाळ कोणत्या शब्दाने सांगावा हे मात्र शेवटपर्यंत ठरवता आले नाही.

दोन्ही शब्दांचे कूळ पाहिले तर वादाचे मूळ सापडते. 'शॅल' हा जुन्या इंग्रजीतील ज्या क्रियापदापासून आला त्याचा अर्थ 'देणे लागणे' असा होता, आणि जर्मन भाषेत कर्ज व अपराध या दोहोंना आजही चालणारा 'शुल्ड' हा शब्द त्याच्याच भाऊबंदांपैकी आहे. 'विल' याचा मूळ अर्थ 'इच्छिणे' असा असून त्याच नावाचे नाम इंग्रजीत मृत्युपत्रासाठी वापरले जाते; मराठी घरांतही आजोबांनी 'विल' केले आहे की नाही याची चौकशी दबक्या आवाजात होते ती याच शब्दाने, आणि 'इच्छापत्र' हा मराठी पर्याय मूळ अर्थाला अधिक धरून आहे. म्हणजे एके काळी 'शॅल' म्हणणारा मनुष्य जाणे आपल्यावर देणे आहे असे सांगत होता आणि 'विल' म्हणणारा जाण्याची आपली इच्छा आहे असे सांगत होता. कर्तव्य आणि इच्छा या दोहोंवरूनही माणूस खरोखर जाईलच असे अनुमान निघत नाही, हे मनुष्यस्वभाव जाणणाऱ्याच्या तत्काळ ध्यानात येते. तरी इंग्रजीने या दोन डळमळीत खांबांवरच आपला भविष्यकाळ उभा केला. आपल्याकडे रजेच्या इंग्रजी अर्जाच्या शेवटी 'आय शॅल बी हायली ऑब्लाइज्ड' असे लिहिण्याची जी परंपरा आहे तिच्यात तर 'शॅल' मुळात ऋणाचा आणि 'ऑब्लाइज्ड' म्हणजेही ऋणी, असे एकाच वाक्यात दोनदा कर्ज काढले जाते, आणि तेही बहुधा एका दिवसाच्या किरकोळ रजेसाठी.

या दोघांची हद्द आखून देण्याचे काम १६५३ साली जॉन वॉलिस या गृहस्थांनी केले. हे ऑक्सफर्ड विद्यापीठात भूमितीचे प्राध्यापक होते. इंग्लंडच्या यादवीत त्यांनी राजपक्षाची सांकेतिक पत्रे उलगडून पार्लमेंटच्या पक्षाला मदत केली होती, आणि अनंतासाठी आडव्या आठाचे जे चिन्ह आज गणितात वापरतात तेही त्यांनीच १६५५ मध्ये प्रथम छापले. अशा माणसाने इंग्रजी भाषेचे व्याकरण लॅटिनमध्ये लिहिले, यात त्या काळाच्या दृष्टीने नवल नाही. परक्या लोकांना इंग्रजी शिकता यावी हा त्यांचा हेतू होता आणि परक्यांना लॅटिन येतच असणार हे त्यांनी गृहीत धरले होते. त्यांचा नियम असा, की प्रथम पुरुषात म्हणजे बोलणाऱ्याने स्वतःविषयी बोलताना 'शॅल' वापरले तर ते नुसते भाकीत आणि 'विल' वापरले तर वचन किंवा धमकी. द्वितीय व तृतीय पुरुषात, म्हणजे समोरच्याविषयी किंवा तिसऱ्याविषयी बोलताना, नेमके याच्या उलट. संकेतलिपी उलगडण्यात ज्याचे तारुण्य गेले त्याने आपल्या मातृभाषेत एक नवी संकेतलिपी घालून ठेवावी, यात एक प्रकारचा न्याय आहे. पुढे लंडनचे बिशप झालेले रॉबर्ट लोथ यांनी १७६२ च्या आपल्या व्याकरणात हाच नियम इंग्रजीत मांडला, लिंडली मरे यांच्या १७९५ च्या पाठ्यपुस्तकाने तो शाळाशाळांत पोचवला, आणि मग ज्यांनी तो जन्मात कधी पाळला नव्हता त्यांची मुले तो घोकू लागली.

नियमाचा आविष्कार पाहायचा तर सिंड्रेलाच्या नाटकाकडे जावे. राजवाड्यातील नृत्यसमारंभाला जाता येत नाही म्हणून चुलीजवळ रडत बसलेल्या त्या मुलीला परी तू जाशीलच असे सांगते तेव्हा ती 'यू' या शब्दानंतर 'शॅल' वापरते; द्वितीय पुरुषातील हा 'शॅल' म्हणजे बोलणाऱ्याने स्वतःच्या अंगावर घेतलेली जबाबदारी, आणि परीनेही ती भोपळ्याची गाडी व उंदरांचे घोडे करून तत्परतेने निभावली. तेथे 'विल' आले असते तर परी फक्त अंदाज सांगून निघून गेली असती. इंग्लंडच्या चर्चमधील विवाहविधीतही हीच काटेकोर वाटणी दिसते, कारण या स्त्रीचा पत्नी म्हणून स्वीकार करणार काय, या धर्मगुरूच्या प्रश्नाला वराने द्यायचे उत्तर 'आय विल' असे आहे. त्याने चुकून 'आय शॅल' म्हटले, तर वॉलिस यांच्या मते त्याने वचन दिलेले नसून, एकंदर परिस्थिती पाहता तसे घडण्याची चिन्हे आहेत एवढेच उपस्थितांना कळवले आहे.

या नियमाचे पालन न करणाऱ्याचे काय होते ते सांगणारी एक गोष्ट इंग्रज लोक फार आवडीने सांगत. पाण्यात पडलेला एक मनुष्य, जो सांगणाऱ्याच्या सोयीप्रमाणे कधी स्कॉटिश तर कधी आयरिश असे, आपण बुडणार आणि आपल्याला कोणी वाचवणार नाही असे ओरडतो. पण 'मी' बरोबर 'विल' आणि 'कोणीही' बरोबर 'शॅल' घातल्यामुळे त्याच्या आक्रोशाचा अर्थ 'मी बुडण्याचा निश्चय केला आहे आणि मला वाचवण्यास सर्वांना मनाई आहे' असा होतो, आणि काठावरचे व्याकरणशुद्ध इंग्रज त्याच्या इच्छेचा मान राखून उभे राहतात. गोष्ट रचणाऱ्याला बुडणाऱ्याचे हसू आले. तटस्थ वाचकाला हसू येते ते काठावरच्यांचे. स्कॉटलंड आणि आयर्लंड येथील इंग्रजीने हा भेद कधी मनावर घेतलाच नाही. आजही आयर्लंडमध्ये यजमानीण 'विल आय मेक द टी?' असे विचारते तेव्हा तिला 'चहा टाकू का?' एवढेच म्हणायचे असते, पण लंडनच्या पाहुण्याला वाटते, की ही बाई पुढे आपल्या हातून काय घडेल याचा आपल्यालाच कौल लावते आहे.

नियम असा उलटासुलटा का, याची उपपत्ती शोधण्यात पुढच्या शतकातील विद्वानांनी कसूर केली नाही. सर्वांत प्रतिष्ठित उपपत्ती सभ्यतेची होती: स्वतःविषयी बोलताना सज्जन मनुष्य आपली इच्छा पुढे न करता कर्तव्याचा 'शॅल' वापरतो, आणि दुसऱ्याविषयी बोलताना त्याच्यावर कर्तव्य न लादता त्याच्या इच्छेचा 'विल' वापरतो. उपपत्ती इतकी सुरेख आहे, की इंग्रज साम्राज्याची ओळख असलेल्या वाचकाला ती नेमकी कोणत्या इंग्रजांविषयी आहे असा प्रश्न पडावा. तमिळनाडूतील मदुराईत जन्मलेले ऑगस्टस डी मॉर्गन यांनी याच विषयावर लेखणी चालवली, आणि ते सुद्धा गणितीच होते. इतर सर्व कोडी सुटल्यावर गणिती या कोड्याकडे वळत असावेत. सर एडमंड हेड हे तर त्या वेळी कॅनडाचे गव्हर्नर जनरल होते, आणि ऑटावा ही राजधानी व्हावी अशी शिफारस करण्याआधी, १८५६ मध्ये, त्यांनी केवळ 'शॅल' व 'विल' या दोन शब्दांवर एक स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले. एवढ्या मोठ्या प्रदेशाचा कारभार पाहून एवढ्या लहान शब्दांसाठी ज्याला वेळ काढता येतो, त्याच्या हाताखालच्या कारकुनांविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही.

शेवटी १९०६ साली फाउलर बंधूंनी 'द किंग्ज इंग्लिश' या ग्रंथात या प्रकरणाला वीसेक पाने दिली आणि आरंभीच बजावून ठेवले, की दक्षिण इंग्लंडात जन्मलेल्यांना हे आपोआप येते आणि इतरांना ते शिकून येण्याची आशा फारशी नाही. ज्यांना येते त्यांना वाचण्याची गरज नाही आणि ज्यांना येत नाही त्यांना वाचून उपयोग नाही, अशी स्पष्ट सूचना देऊन वीस पाने लिहिणे हा ग्रंथलेखनाच्या इतिहासातील निष्काम कर्मयोगच म्हणावा लागेल. पुढे अमेरिकेत चार्ल्स फ्रीझ यांनी १९२५ मध्ये इंग्रजी व अमेरिकी नाटकांतील संवाद तपासून प्रत्यक्षात लोक काय वापरतात याची मोजदाद केली, तेव्हा व्याकरणकारांच्या नियमाशी लोकांच्या बोलण्याचा मेळ बसत नाही असे दिसून आले. बोलणाऱ्यांनी त्याआधीच आपली वाट काढली होती: 'आय' या शब्दाला एक अपॉस्ट्रफी म्हणजे लोपचिन्ह आणि दोन 'एल' जोडले, की मूळचा शब्द 'शॅल' होता की 'विल' हे बोलणाऱ्यालाही सांगता येत नाही आणि ऐकणाऱ्यालाही विचारता येत नाही.

खरी पंचाईत झाली ती विसाव्या शतकातील थोरामोठ्यांमुळे. ४ जून १९४० रोजी विन्स्टन चर्चिल यांनी ब्रिटिश पार्लमेंटात समुद्रकिनाऱ्यापासून डोंगरांपर्यंत लढण्याचा जो निर्धार सांगितला, त्यात प्रथम पुरुषाबरोबर पुनःपुन्हा 'शॅल' येतो. म्हणजे नियमाप्रमाणे त्या सबंध भाषणात निर्धार असा नाहीच, असलीच तर युद्धाच्या पुढील ओघाविषयीची काही अनुमाने आहेत. मार्च १९४२ मध्ये फिलिपिन्स सोडून ऑस्ट्रेलियात पोचलेले जनरल मॅकआर्थर यांनी परत येण्याची जी प्रतिज्ञा केली तीही 'आय शॅल' अशीच, आणि ऑक्टोबर १९४४ मध्ये लेटे बेटावर उतरून त्यांनी ती अक्षरशः पुरी केली. शतकातील अत्यंत गाजलेली दोन वचने अशी चुकीच्या शब्दाने दिली गेली आणि दोन्ही पाळली गेली, तेव्हा वॉलिस यांच्या बाजूने बोलण्यासारखे फारसे उरले नाही. काही टीकाकारांनी यावर असा तोडगा काढला, की या ठिकाणी 'शॅल' नियतीची अटळता दाखवतो. इंग्रजी व्याकरणात अपवाद पंतप्रधानाने किंवा सेनापतीने केला की त्याला शैली म्हणतात, एवढाच त्या तोडग्याचा अर्थ.

याच सुमारास अमेरिकेतील कामगार चळवळीत एक गीत 'वुई विल ओव्हरकम' या नावाने गायले जात होते, ते पुढे 'वुई शॅल ओव्हरकम' झाले आणि नागरी हक्कांच्या लढ्याचे गीत म्हणून जगभर पोचले. हा पालट करण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते त्या गायक पीट सीगर यांनी त्याचे कारण सांगितले ते असे, की 'शॅल' म्हणताना तोंड जास्त उघडते आणि गाणे बरे वाटते. बिशप, गव्हर्नर जनरल आणि दोन गणिती यांना जे साधले नव्हते ते 'अ‍ॅ' या एका स्वराने साधले.

मराठी विद्यार्थ्याने हा भेद पिढ्यानपिढ्या 'आय शॅल, वुई शॅल, यू विल, ही विल' असा घोकला, आणि त्यामागे काही तत्त्व असेल अशी शंकाही त्याला शिवली नाही, कारण भाषांतर करताना दोहोंचेही 'जाईन' आणि 'जाईल' असेच होत होते. वास्तविक हे तत्त्व त्याच्या घरातच होते. 'मी उद्या येतो', 'मी उद्या येईन', 'मी उद्या येणार' आणि 'मी उद्या येतो की!' यांतील कोणत्या वाक्यानंतर पाहुण्यासाठी भात जास्त टाकायचा हे मराठी गृहिणीला एकाही व्याकरणावाचून कळते. शिवाय मराठीचाही एक वॉलिस-नियम आहेच: शाळेत शिकवल्याप्रमाणे सकर्मक धातूला 'ईन' लागून 'करीन' होते आणि अकर्मक धातूला 'एन' लागून 'बसेन' होते; तरी महाराष्ट्रातील अर्धेअधिक लोक 'करेन' म्हणतात आणि हातून काम व्हायचे ते होते किंवा होत नाही, त्यात प्रत्ययाचा दोष नसतो.

बोलण्यातून जवळजवळ हद्दपार झालेला 'शॅल' आज टिकून आहे तो कायद्यात, आणि तेथे मात्र त्याचा थाट पाहण्यासारखा आहे. भारतीय संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्र्याने घ्यायची गोपनीयतेची जी शपथ आहे तिच्या इंग्रजी पाठात दोन्ही शब्द एकाच वाक्यात आहेत: मंत्री गुपित फोडणार नाही हे 'आय विल नॉट' असे, आणि ज्या बाबी त्याच्यापुढे येतील त्या मात्र 'शॅल' घेऊन येतात. वचन मंत्र्याचे आणि सक्ती फायलींवर, अशी ही विभागणी असून फायली वेळेवर का येत नाहीत याचा उलगडा तिच्यातून होत नाही. अनुच्छेद ७४ ची कथा याहून बोधप्रद आहे. राष्ट्रपतींना सल्ला देण्यासाठी मंत्रिपरिषद 'शॅल' असेल एवढेच मूळ संविधानात होते. त्यांनी तो सल्ला मानलाच पाहिजे का, हे शब्दांत लिहिलेले नव्हते. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तेथे आणखी एक 'शॅल' घालून राष्ट्रपतींना सल्ल्याप्रमाणे वागणे भाग केले, आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने त्यात मुभा दर्शवणारा 'मे' घालून सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची सोय ठेवली, मात्र दुसऱ्यांदा तोच सल्ला आला तर पुन्हा 'शॅल'. एवढ्या मोठ्या पदाचे स्वातंत्र्य किती, ते अशा रीतीने एका 'मे' इतके ठरले.

एवढ्या सामर्थ्याचा शब्द न्यायालयात गेला की मात्र त्याची उलटतपासणी होते. सरकारी नोकरावर शिस्तभंगाची कारवाई करताना लोकसेवा आयोगाचा विचार घेतला जाईल असे संविधानाच्या अनुच्छेद ३२० मध्ये 'शॅल' वापरून म्हटले आहे. पण उत्तर प्रदेशातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये असा निर्णय दिला, की हा 'शॅल' बंधनकारक नसून केवळ मार्गदर्शक आहे, म्हणजे आयोगाला न विचारल्याने कारवाई रद्द होत नाही. कायद्याच्या परिभाषेत बंधनकारक 'शॅल' मोडला तर कृत्य निष्फळ ठरते आणि मार्गदर्शक 'शॅल' मोडला तर फक्त वाईट वाटते. कोणता 'शॅल' कोणता, हे त्याच्याकडे पाहून ओळखता येत नाही, त्यासाठी खटला लढवावा लागतो. अमेरिकेतही हाच अनुभव आल्यामुळे तेथील संघीय दिवाणी प्रक्रियेचे नियम २००७ मध्ये सोप्या भाषेत लिहिताना 'शॅल' सरसकट काढून टाकण्यात आला. परंतु छप्पन्नाव्या नियमात त्याच्या जागी आलेल्या 'शुड' या शब्दाने अर्थ सैल होतो अशी धास्ती वाटल्याने २०१० मध्ये तेवढ्या जागी 'शॅल' पुन्हा बसवावा लागला. दक्षिण आफ्रिकेने १९९६ च्या संविधानात 'शॅल' ऐवजी 'मस्ट' वापरून हा तंटाच मिटवला, आणि तेथे वकिलांचे फार नुकसान झाल्याचे दिसत नाही.

मराठी कायद्यांत या 'शॅल' चे रूप 'करील', 'असेल', 'देईल' असे होते, आणि तेथे एक निराळीच गंमत घडते. अधिकारी अर्जाची पोच देईल, चौकशी करील आणि ठरावीक मुदतीत निर्णय कळवील, हे कायद्याने त्याच्यावर घातलेले बंधन असते. पण मराठी वाचकाला ते साप्ताहिक राशिभविष्यासारखे वाटते आणि तो तितक्याच समजुतीने पान उलटतो. इंग्रजीत आज्ञा आणि भाकीत यांच्यासाठी निदान दोन शब्द होते, त्यांचा घोळ झाला एवढेच. मराठी कायद्यात दोहोंना मिळून एकच प्रत्यय असल्याने घोळ होण्यास जागाच उरलेली नाही.

सामान्य माणसाची या शब्दाशी प्रत्यक्ष गाठ पडते ती इंग्रजीत छापलेल्या करारनाम्यात, मग तो सदनिकेचा असो, कर्जाचा असो की सरकारी निविदेचा. तेथे व्याकरणातील तिन्ही पुरुषांची जागा दोन पक्षांनी घेतलेली असते, आणि मसुदा ज्याच्या वकिलाने केला त्या पक्षापुढे 'मे' व समोरच्या पक्षापुढे 'शॅल' असा एक नवा, वॉलिस यांच्याहून सोपा आणि कसोशीने पाळला जाणारा नियम त्यात आढळतो: कंत्राटदार काम पुरे करील तो 'शॅल', खाते बिल मंजूर करील तो 'मे', कर्जदार हप्ता भरील तो 'शॅल', बँक व्याजाचा दर बदलील तो 'मे'. म्हणून असा कागद हाती आला तर वाचकाने तो समजून घेण्याचा आटापिटा न करता लाल पेन्सिल घेऊन आपल्या नावापुढील 'शॅल' आणि समोरच्याच्या नावापुढील 'मे' तेवढे अधोरेखित करावेत, आणि पाने फारच लाल दिसू लागली तर सही दुसऱ्या दिवसावर ढकलून आधी एखाद्या वकिलाला भेटावे.